पालथी लेन्स आणि अक्षतेची मुंगी

मी एक जुनी लेन्स आहे, मित्रांनो. पन्नास मिलिमीटरची आणि स्वभावाने जराशी चढेल. महाडला यज्ञेश्वरकाकांच्या फोटो स्टुडिओत मी पंधरा वर्षं कॅमेऱ्याच्या तोंडावर मानाने बसले. महाड-पोलादपुरातल्या किती नवरदेवांचे घामेजलेले चेहरे मी रोलवर उतरवले, त्याची गणतीच नाही. दुकानात दुसरी लेन्स नव्हती, म्हणून वासरांत लंगडी गाय शहाणी असं कुणी म्हणालं, तर खुशाल म्हणू दे.

काकांची मुलगी इरावती कॉलेजात गेली आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. तिला माणसांपेक्षा किड्यांचं वेड. मुंगी, नाकतोडा, टोळ यांचे मोठे मोठे फोटो काढायला तिला मुंबईच्या दुकानातली खास मॅक्रो लेन्स हवी होती. काका म्हणाले, "आहे त्या तव्यावर पोळी भाजून दाखव. मग नवा तवा माग."

पोरगी हट्टी. तिने कॅमेऱ्याच्या तोंडाचं झाकण मधोमध कापलं, त्याला जुन्या फिल्टरची कडी चिकटवली आणि मला चक्क पालथं बसवलं! माझं तोंड कॅमेऱ्यात, पाठ जगाकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तशा अवस्थेतही समोर पाहिलं, तर चार बोटं अंतरावरची मुंगी मला बैलाएवढी दिसली. पंधरा वर्षांत मी असलं काही पाहिलं नव्हतं, हे कबूल करते.

पहिला रोल मात्र सगळा धुरकट आला. मग इरावती हळूहळू शिकली. माझी फोकसची कडी फिरवत बसण्यापेक्षा स्वतःच केसभर पुढे-मागे व्हायचं. कोपर टेकवायचं, श्वास धरायचा आणि वारा पडेपर्यंत थांबायचं. माझं उजेडाचं भोक बारीक केलं की मुंगीच्या मिशीपासून पोटापर्यंत जास्त भाग स्पष्ट येतो, आणि फ्लॅशवर पांढरा रुमाल बांधला की उजेड मऊ पडतो. आमची दोघींची गट्टी जमली.

सत्त्याण्णव साली पोलादपूरच्या एका लग्नाची ऑर्डर होती आणि ऐन वेळी काकांचा पाय मुरगळला. ते मांडवात खुर्चीवर बसले आणि कॅमेरा इरावतीकडे दिला. "हे लग्न नीट काढलंस तर कॅमेरा तुझा. चुकलीस तर पुन्हा त्याला हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. माझं पालथं सुखही त्यावरच अवलंबून होतं.

मंगलाष्टका सुरू झाल्या. रोलमध्ये तीनच फोटो उरले होते, हार घालण्याच्या वेळेसाठी राखून ठेवलेले. इतक्यात इरावतीला पुढच्या रांगेत नवरीची आजी दिसली, कुडपण गावच्या जानकीबाई. त्यांच्या सुरकुतलेल्या तळहातावर अक्षता होत्या आणि एक मुंगी त्यातला पिवळा दाणा ओढत निघाली होती. इरावतीने हिशेब केला: अजून नवरीच्या मावशीची स्वरचित मंगलाष्टका आहे, ती काही पंधरा कडव्यांच्या आत आटपत नाही, तोवर नवा रोलही भरून होईल. तिने मला काढलं, पालथं बसवलं, फ्लॅशला रुमाल बांधला.

"आजी, हात हलवू नका."

"नाय हलवत गो. पन तू बिगी बिगी काढ, मला श्वास सोडायचा हाय!"

पहिला फोटो पंख्याच्या वाऱ्याने हलला. दुसऱ्याला आजींना हसू आलं. तिसऱ्याला मुंगी थबकली, आजी थबकल्या, इरावती थबकली, आणि खट्! रोल संपला.

तिकडे मावशींना चष्मा सापडेना. दोन ओळींत त्यांनी गाणं आटपलं, गुरुजींनी घाईने "सावधान" म्हटलं, अंतरपाट दूर झाला आणि हार पडलेसुद्धा.

"इरा, हार!" काका खुर्चीतून ओरडले. इरावती रिकामा कॅमेरा धरून उभी, आणि मी पालथी. इरावतीने हार परत घाला म्हटल्यावर नवऱ्याचे काका कडाडले, "हार एकदाच पडतो!" यज्ञेश्वरकाकांनी तिच्या हातून कॅमेरा काढून घेतला. त्या दिवशी इरावती जेवली नाही. मला तर रडताही येत नाही.

आठवड्याने जानकीबाई अल्बम पाहायला स्वतः स्टुडिओत आल्या. काकांनी मान खाली घालून सांगितलं, "आजी, हाराचा फोटो नाही."

"माझ्या मुंगीचा हाय का?"

काकांनी तो फोटो बाजूला टाकला होता. आजींनी तो दाराच्या उजेडात धरला. हाताच्या रेघा नांगरलेल्या शेतासारख्या, आणि त्यातून दाणा ओढत मुंगी निघालेली.

"हार काय, समद्यांच्याच लग्नात घालतात. माझ्या नातीची अक्षता मुंगीनं घरला नेली, ह्यो फोटू पयल्या पानावर लाव."

आजी गेल्यावर काकांनी तो फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर चिकटवला. मग त्यांनी कॅमेरा इरावतीच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. पण रोल बदलून ठेवत जा."

पुढे इरावती कमावती झाली. तिने खरी मॅक्रो लेन्स घेतली आणि आंबेनळीच्या घाटात किडे शोधत हिंडू लागली. मी खणात पडले. कोकणातले सात पावसाळे तिथे काढले आणि माझ्या काचेत बुरशी धरली. एकदा इरावतीने खण उघडला, मला पाहून तिचे डोळे भरून आले. तिने नव्या लेन्सने त्या बुरशीचाच फोटो काढला. काकांनी विचारलं, "कुठली गं ही वनस्पती?" ती म्हणाली, "बाबा, आपल्याच खणातली." काका ओशाळले आणि त्यांनी मला साफ करून आणलं.

तेव्हा मित्रांनो, आमच्यासारख्यांना कोरड्या डब्यात ठेवा, अधूनमधून ऊन-वारा दाखवा. आणि नव्या वस्तूमागे धावण्याआधी जुनी एकदा पालथी करून पाहा.

आता काका थकले आहेत, पण मला पालथी लावून स्टुडिओच्या पायरीवर पोटावर झोपतात. काल पासपोर्टचं गिऱ्हाईक ताटकळत होतं. "थांबा हो, मुंगी हलतेय," काका म्हणाले. त्यांनी श्वास धरला, मुंगी थबकली, काकांनी बटण दाबलं.

काही झालं नाही. मागून इरावतीने विचारलं, "बाबा, रोल?"