उपासाच्या डब्यातली कोंबडी

ओकुदा साहेब दहा दिवस केळी आणि पाव खाऊन होते आणि याचा घोर लागला होता कालिंदीच्या नवऱ्याला. वसंत उद्यमनगरातल्या एका कारखान्यात फिटर. कारखान्यानं त्याला आठ महिने जपानला शिकायला धाडलं, तेव्हा याच साहेबांच्या बायकोनं दर रविवारी त्याला घरी बोलावून तळलेली कोंबडी खाऊ घातली होती. आता साहेब मशीन बसवायला कोल्हापुरात आलेले, आणि इथला रस्सा नुसता हुंगला तरी त्यांच्या डोळ्यांना धारा लागायच्या.

"आपल्या गावात आलेला माणूस उपाशी राहिला, तर मी तिथं खाल्लेलं अंगाला लागायचं न्हाय," वसंत म्हणाला आणि रविवारी साहेबांना जेवायचं आवतण देऊनच आला. बायकोला आधी विचारायची पद्धत या घरात नव्हतीच म्हणा.

रविवारी सकाळी तिकडच्यासारखी कोंबडी तळायला परसातल्या चुलीवर कढई चढली. वसंतनं कोंबडीची हाडं काढायला घेतली, तशा कालिंदीच्या सासूबाई, म्हणजे अक्का, दारातनं म्हणाल्या, "हाडाबिगर कोंबडी? मग चोखायचं काय?" आलं-लसूण लागलं, वसंतनं तिकडून आणलेल्या बाटलीतला काळा सोयाबीनचा रस लागला. अडलं ते पिठावर. बेसन लावलं तर भजी झाली. कणीक लावली तर तिनं तेल पिऊन पिऊन मान टाकली. अकरा वाजले, साहेब एक वाजता येणार. वसंतचं तोंड एवढंसं झालं. कालिंदीला त्याचा राग यायचा तो राहिला बाजूला, कीवच आली.

"कसलं होतं ओ ते पीठ?"

"पांढरंशुभ्र. बटाट्याचं. चिमटीत धरलं की करकरायचं."

करकरणारं पीठ घरात होतं. उन्हाळ्यात उपासाचा बटाट्याचा कीस धुताना पातेल्याच्या तळाशी जे सत्त्व बसतं, ते वाळवून अक्का वर्षभर जपायच्या. त्यांच्या सोमवारची लापशी त्याचीच. त्या डब्याला खरकटा हात लागलेला त्यांना खपत नसे, आणि इथं तर कोंबडी.

तरी ती अक्कांपुढं जाऊन उभी राहिली आणि कसंबसं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "वसंता ज्यांच्या घरी जेवत हुता, त्येच का ह्ये?"

"व्हय, अक्का."

अक्का उठल्या, देवघराजवळच्या फळीवरला डबा काढला आणि सगळाच्या सगळा परातीत पालथा केला. "माझं लेकरू परमुलखात उपाशी झोपलं न्हाय. सत्त्व काय, उन्हाळ्यात परत हुईल की."

सत्त्वात घोळलेला पहिलाच तुकडा असा कुरकुरीत निघाला, की वसंत कढईपाशीच हसत सुटला.

साहेब आले, पाटावर बसले. पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले. वसंतचा जीव टांगणीला लागला. साहेबांनी डोळे पुसले. या खेपेला तिखटाचा काही संबंध नव्हता. मग त्यांनी ताट संपवलं, परत वाढलेलंही संपवलं आणि उठून अक्कांपुढं कमरेत वाकले.

"वाढ गं आणिक," अक्का कालिंदीला म्हणाल्या, "लाजत्यात पावणं."

दुसऱ्या दिवशी सोमवार. लापशी नव्हती, म्हणून अक्कांनी उपासाला केळी खाल्ली. घरात चांगली दोन डझन होती. साहेबांनीच पाठवलेली, रोजचं जेवण अक्कांकडं ठरल्यावर त्यांना ती कशाला लागतात?