भुसाच्या अंगाला

माझा तारा अजून कोवळा आहे, वय अवघं वीस लाख वर्षं. त्याच्याभोवतीचा हायड्रोजन थोडा त्याच्यावर कोसळतो, थोडा वाऱ्यासारखा बाहेर फेकला जातो. दोन्हींची खूण त्याच्या प्रकाशातल्या एका लाल रेषेत उमटते. तशीच रेषा कॉम्प्युटरवर बनवायची, एवढंच माझं पीएचडीचं काम. एवढंच म्हणे. तीन वर्षं झाली, खऱ्या रेषेत कोसळणारा वायू ठळक दिसतो आणि माझ्या रेषेत नुसता वारा. सरांनी शेवटचा महिना दिला होता.

"जमलं न्हाई तर ये की नेत्रा घरला," अप्पा फोनवर म्हणाले. "अफजलपूरच्या कॉलेजात लागशील." अव्वा, म्हणजे माझी आई, गेल्यापासून करजगीच्या घरात ते एकटेच. त्यांच्या मनात काय आहे हे न कळायला मी काही दूधखुळी नव्हते. लॅपटॉप घेऊन गावी आले.

आमचं खळं कधीच मोडलंय. आता यंत्र येतं, तासाभरात ज्वारी पोत्यात. मला त्या यंत्राचा रागच येतो. पूर्वी वारं सुटायची वाट बघत आम्ही तिघं दिवसदिवस खळ्यावर बसायचो. वारं आलं की अप्पा उंचावर चढून टोपलं ओतायचे. दाणे खाली, भूस लांब. अव्वा टोपली भरून द्यायची. मी भूस उडेल त्या अंगाला उभी राहून ते मागं ओढायची. अंगाला खाज सुटायची, डोळे चुरचुरायचे. तरी ते दिवस आठवले की जीव तुटतो.

अप्पांना तारा समजावताना मी खळंच सांगितलं. वारा म्हणजे भूस, कोसळतात ते दाणे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"समदं खरं. पण तू उभी कुठं हायस?"

"म्हणजे?"

"भुसाच्या अंगाला उभारलीस तर भूसच दिसतंय की. दाणं बघायचं तर बाजूला उभारावं."

मी गारच पडले. प्रोग्रॅममध्ये ताऱ्याकडं बघणारी मी बरोबर वाऱ्याच्या तोंडाशी उभी होते. पहिल्याच दिवशी बघण्याचा तो कोन टाकला आणि पुन्हा कधी तपासला नाही. लहानपणापासून माझी जागाच ती.

कोन बदलला. दुपारपर्यंत माझी रेषा खऱ्या रेषेवर जाऊन बसली.

"अप्पा, जमलं."

"बेस झालं." ते उठले आणि माझ्या पिशवीत कडक भाकऱ्या भरायला लागले, चांगल्या महिनाभर पुरतील इतक्या. मला रडू आवरेना. वर न बघताच ते म्हणाले, "तोंड गप ठेवलो असतो तर घरला राहिली असतीस बग."