छटा जुळेपर्यंत

रंगकाकांनी बाटली खिडकीच्या उजेडाकडे तिरपी धरली, भिंग तिच्या पाठीवर टेकवलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत उडालेच.

“अरेच्चा! हा इथे काय करतोय?”

“कोण आलंय हो?” काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“टायटॅनियम डायऑक्साइड!”

काकूंनी पदराला हात पुसत डोकावून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. जेवणाच्या टेबलावर फाउंडेशनच्या तीन बाटल्या रांगेत उभ्या होत्या आणि नवऱ्याचा चेहरा फलाटावर अचानक जुना सोबती भेटावा तसा खुलला होता.

“आमच्या कारखान्यातलाच आहे,” रंगकाका म्हणाले. “पांढऱ्या रंगाचा जीव म्हणजे हा. आणि हे बघ, आयर्न ऑक्साइड. लाल, पिवळं, काळं, तिन्ही भावंडं हजर. अभ्रकसुद्धा आहे. अगं, ही बाटली नाही, आमचा जेवणाच्या सुट्टीतला अड्डा आहे!”

सगळी हयात त्यांनी भिंतींच्या रंगांच्या कारखान्यात, छटा जुळवण्याच्या खोलीत काढली होती. गिऱ्हाईक पडद्याचा तुकडा आणायचं, फुटकी फरशी आणायचं. एकदा एक बाई वाळलेलं पान घेऊन आल्या होत्या, त्यांना दिवाणखाना त्या पानासारखा हवा होता. रंगकाका एक डोळा बारीक करून वस्तू न्याहाळायचे आणि त्यांचा हात आपोआप योग्य डब्याकडे जायचा. मशिनं आली तरी शेवटचा थेंब त्यांना विचारूनच पडायचा. निवृत्त झाल्यावर ही सगळी ऐट घरी आली, आणि घरात तिला काही काम मिळेना. सोसायटीत ते नावापुरते रंगकाका उरले होते.

काम आलं ते लेकीच्या चेहऱ्यावरून.

तिला वृत्तवाहिनीवर निवेदिकेची नोकरी लागली होती. किती ठिकाणी आवाजाची चाचणी देऊन आली, किती ठिकाणांहून “कळवतो” ऐकून आली, तेव्हा कुठे हे जमलं होतं. पुढच्या आठवड्यात पहिलं बातमीपत्र होतं. कॅमेरा-चाचणीच्या दिवशी स्टुडिओत तिला मेकअप केला आणि संध्याकाळपर्यंत तिचे गाल पुरळानं भरून गेले. डॉक्टर म्हणाले, फाउंडेशनमधलं काहीतरी सोसत नाहीये. काय ते शोधा, नवीन काही लावण्याआधी थोडंसं लावून काही दिवस थांबा, आणि तोवर हा चेहरा मोकळा ठेवा. मेकअपशिवाय कॅमेऱ्यासमोर बसायची मात्र वाहिनीत सोय नव्हती.

स्टुडिओतली बाटली तिनं मागून आणली. एक बाजारातली घेतली, एक औषधांच्या दुकानातली. आणि तिघींची आपसात तुलना करायला बाप बसला.

“बाबा, वास आहे तो,” सोफ्यावर पाय घेऊन बसलेली लेक म्हणाली. गालांवर तिनं थंड पाण्याची घडी धरली होती. “लावतानाच मला गुलाबाचा भपकारा आला होता.”

“वास बाटलीवरच्या यादीत सगळ्यात शेवटी, कणभर असतो. तो काय करणार? माझा संशय या लांबलचक नावावर आहे. फि-नॉ-क्सि-ए-थे-नॉल. नावच बघ कसं आहे. हा आमच्या ओळखीतला नाही.”

“ओळखीतला नाही म्हणून गुन्हेगार?”

“तू बातम्या वाच. तपास माझ्याकडे दे.”

तपासाला चेहरा हवा होता. लेकीचा चालणार नव्हता. काकूंची कातडी अशी, की कपड्यांच्या साबणानं तोंड धुतलं तरी तक्रार नाही. रंगकाकांनी आरशासमोर जाऊन स्वतःच्या गालावरून हात फिरवला. वासाचा दाढीचा साबण त्यांना कधी मानवला नव्हता, उन्हात मानेवर चट्टे उठायचे. लेकीनं नाक आईचं घेतलं होतं, हट्ट आईचा घेतला होता. कातडी तेवढी बापाची होती.

त्यांनी स्टुडिओतली बाटली डाव्या जबड्यावर लावली, बाजारातली उजव्या आणि औषधांच्या दुकानातली कानामागे. आणि रोज आंघोळीनंतर लावत राहिले.

शेजारचे ड्रिल मास्तर संध्याकाळी पत्ते खेळायला आले, ते दारातच थबकले.

“रंगकाका, तुमचा चेहरा दोन रंगांत का आहे?”

“पान टाका.”

“नाही, म्हणजे डावीकडून तुम्ही जरा तरुण दिसता.”

“मग डावीकडे बसा. पान टाका.”

मास्तर डावीकडे बसले आणि खेळाकडे लक्ष नसल्यामुळे लागोपाठ हरले.

दोन-तीन दिवसांनी सकाळी न्हाणीघरातून अशी आरोळी आली, की काकूंच्या हातातला कप निसटता निसटता राहिला.

“आली! अगं, पुरळ आली!”

इतक्या आनंदानं कुणी पुरळ मिरवली नसेल. दोन्ही जबडे लालभडक झाले होते, कानामागे मात्र काही नव्हतं. म्हणजे स्टुडिओतली आणि बाजारातली अशा दोन्ही बाटल्या बाद, औषधांच्या दुकानातली पास. रंगकाका ओल्या डोक्यानंच भिंग घेऊन बसले. लांबलचक नाव तिन्ही बाटल्यांवर होतं, ते निर्दोष सुटलं. कारखान्यातले मित्रही तिन्हीकडे होते, ते मानानं सुटले. पहिल्या दोघींत असलेलं आणि तिसरीत नसलेलं एकच सापडलं. यादीच्या तळाशी, कणभर. सुगंध.

ते बराच वेळ भिंग पुसत बसले.

“बोल की,” लेक म्हणाली.

“तपास अधिकारी तुझ्याशी सहमत आहेत,” जबडा खाजवत ते म्हणाले.

पण अडचण अजून संपली नव्हती. घरी आणलेल्या त्या बाटलीतला रंग अगदी फिका होता, पिठासारखा. दुकानात दुसरी होती ती पार गडद. मधल्या सगळ्या छटा संपलेल्या, आणि नवा माल लवकर येणार नव्हता. लेक हिरमुसून परत आली. रंगकाकांनी मात्र सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या.

“ती गडदही घेऊन ये. मधलं माझ्यावर सोड.”

तीन-चार दिवसांनी ती स्टुडिओत सरावाला गेली होती तेव्हा ते खिडकीत बसले. पांढरी बशी, काड्या, स्वच्छ डबी. फिक्यात गडद, गडदात फिकं, थेंब थेंब. हात पूर्वीसारखा चालत होता. समोर तुकडा नव्हता, फरशी नव्हती, पण लागतंय कशाला? लेकीचा रंग बापाला पाठ असणारच. शेवटचा थेंब त्यांनी शिट्टी वाजवत टाकला.

ती आली, तोंड धुऊन आली. डॉक्टरांनी सकाळीच हिरवा कंदील दाखवला होता आणि तिच्याही कानामागे ते औषधांच्या दुकानातलं फाउंडेशन निमूट राहिलं होतं. तिनं डबीतलं बोटावर घेऊन चेहऱ्यावर पसरलं आणि आरशात पाहिलं.

“बघू,” काकू आल्या. “अगंबाई! किती छान उजळलीस!”

लेक हसली. मग तिनं मान जराशी वर केली.

“चेहरा मस्त झालाय, बाबा. मान तेवढी माझी राहिलीये.”

रंगकाका जवळ आले. जबड्याखाली स्पष्ट रेघ होती. रेघेच्या वर एक मुलगी, खाली दुसरी.

“ते... स्टुडिओतल्या दिव्यांचा अंदाज धरला मी.”

“खिडकीत बसून?”

ती चेष्टेनंच म्हणाली. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून पडद्याचा तुकडा चुकला नव्हता. परक्या बाईचं वाळलेलं पान चुकलं नव्हतं. त्यांनी बशीकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग पुन्हा त्या रेघेकडे. काकू काहीतरी आठवल्यासारखं करून आत गेल्या.

“धुऊन ये,” ते हळूच म्हणाले.

ती धुऊन आली. त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली, तिला बसवलं आणि हनुवटीला धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. असं तिला धरून त्यांनी कधी पाहिलं होतं? शाळेत जाताना केस विंचरायचे तेव्हा, बहुधा. मग ती मोठी होत गेली आणि ते तिला येता-जाता पाहत राहिले. भुवईत एक बारीक व्रण होता. डोळ्यांखाली जागरणाची सावली होती. कपाळ गालांपेक्षा किंचित गडद होतं, आणि सगळ्या चेहऱ्याला आतून एक तांबूस ऊब होती, जी त्यांनी कारखान्यात कुठल्याच डब्यात पाहिली नव्हती.

“डोळे मिटू?”

“नको. असू दे.”

गडद बाटलीतला एक थेंब डबीत मिसळला. रंग जबड्यावर टेकवला, पाहिला, पुसला. आणखी एक. पुसला. ऊन खिडकीच्या चौकटीवरून सरकत गेलं, तसे ते खुर्चीही सरकवत गेले. ती कंटाळली नाही. अखेर त्यांनी बोट फिरवलं आणि मागे सरून एक डोळा बारीक केला.

तिनं आरसा घेतला, एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून.

“लावलंयस कुठे?”

“तेच तर,” रंगकाका म्हणाले. त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं आणि ती तिच्या हातात ठेवली.

पहिल्या बातमीपत्राच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

“बाबा, इथल्या मेकअपच्या ताई म्हणतायत, त्यावर आणखी एक उजळ हात मारू. दिव्यांखाली खुलून दिसतं म्हणे. त्यांच्याकडे बिनवासाचं आहे. काय करू?”

रंगकाका फोन धरून उभे राहिले. समोर काकू खुणेनं “काय झालं, काय झालं” विचारत होत्या.

“मला नको विचारूस,” ते शेवटी म्हणाले. “मी एकदा चुकलोय. तुला काय हवंय?”

पलीकडे ती हसल्यासारखं वाटलं, कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी मास्तरही येऊन बसले होते. वाहिनीचं संगीत वाजलं आणि पडद्यावर लेक आली. निळा कोट, ताठ मान, डोळे थेट समोर.

“नमस्कार,” ती म्हणाली.

“नमस्कार, नमस्कार,” मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

काकूंनी गालांना हात लावले. “अहो, कित्ती गोरी दिसतेय!”

रंगकाका पुढे झुकले. खरंच, चेहरा चांगला दोन हात उजळ दिसत होता. म्हणजे तिनं ताईंचं ऐकलं तर. असेल, त्यांना अनुभव असतो. ते पाठ टेकवून बसले. मग त्यांची नजर तिच्या शेजारच्या निवेदकाच्या शर्टावर गेली. शर्ट पांढरा नव्हता, निळसर भगभगत होता. त्यांनी एक डोळा बारीक केला आणि ताडकन उठले.

“या टीव्हीच्या रंगांना हात कुणी लावला?”

“मी,” काकू म्हणाल्या. “मॅच बघताना चेंडू दिसत नव्हता.”

रंगकाकांनी रिमोट घेतला आणि पडद्याच्या इतक्या जवळ गेले, की मास्तरांना मान वाकडी करून बघावं लागलं. उजळपणा एक घर खाली. रंग थोडा कमी. आणखी एक घर. आत लेक कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाबद्दल सांगत होती, ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. आधी तिच्या कपाळाचा रंग लागला, मग गालांचा, मग ती तांबूस ऊब हळूच पुढे आली. जबड्याखाली रेघ नव्हती. चेहरा आणि मान एकाच मुलीची होती.

रंगकाकांचा अंगठा तिथेच थांबला.

“अहो, बाकीचं सगळं अंधारलं की!” काकू म्हणाल्या. “तो शेजारचा बघा, दिसेनासा झाला बिचारा.”

“त्याचं त्याच्या घरचे बघतील,” रंगकाका म्हणाले आणि त्यांनी आवाज वाढवला.