पाठराखिणीचा पंजा

सून येताना माहेरचं कुत्रं घेऊन येते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. नवरीसोबत पाठराखीण म्हणून धाकटी बहीण येते, फार तर आत्या येते. रुचितासोबत आली जिलबी. शेपटीचं वेटोळं झालेलं, म्हणून जिलबी. दिवा स्टेशनजवळच्या आमच्या दोन खोल्या, नळाला पाणी येईल तेव्हा येईल, आणि त्यात ही चार पायांची पाहुणी! मी माझ्या मुलाला, सुदेशला, सांगून टाकलं, "रविवारी तुझ्या सासऱ्यांना बोलव आणि हिला परत कळव्याला धाड." रुचितानं नुसती मान हलवली. तोवर जिलबी स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून मी दारात पत्रा आडवा लावला.

मंगळवारी दोघं कामावर गेली. कुकरची शिट्टी झाली तशी जिलबी दचकली, माझ्याकडे यायला पत्र्यावरून उडी मारायला गेली आणि पुढचा पंजा कापून बसली. लादीवर रक्त. ओरडली नाही, पाय वर धरून माझ्याकडे बघत राहिली. पत्रा मीच लावला होता ना.

हळदीचा डबा हातात घेऊनच मी रुचिताला फोन लावला, झालेलं सांगितलं आणि हळद भरू का विचारलं.

"आई, हळद नको, ती चाटत बसेल. आधी स्वच्छ फडकं दाबून धरा. रक्त थांबलं की कोमट मिठाच्या पाण्यानं धुवा."

"अगं, चावली तर मला?"

"नाही चावणार. तुम्ही बोलत राहा तिच्याशी."

प्यायच्या कळशीतलं पाणी घेतलं, कोमट केलं, चिमूटभर मीठ घातलं. "थांब गं बाई, झालंच," म्हणत पंजा धुतला. जखम खोल नव्हती, कातडी तेवढी चिरली होती. पट्टी सैलसर गुंडाळली आणि वरून सुदेशचा मोजा चढवला. ती मोजा ओढायला लागली, म्हणून तिचा पाय मांडीवर घेऊन बसले. बोलता बोलता माझंच निघालं. माझी पाठराखीण, धाकटी योगिनी, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी परत गेली होती आणि मी मोरीत जाऊन रडले होते. हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं. जिलबीनं सगळं ऐकून घेतलं. उठल्यावर आधी मी तो पत्रा काढून टाकला.

रविवारपर्यंत जखम सुकली. तरी सकाळी मी गुपचूप मोजा पुन्हा चढवला. रुचिताचे वडील, कुंडलिकराव, जिलबीला न्यायला आले.

"अहो, तिला अजून पाय टेकवत नाही," मी म्हणाले.

त्यांचा आवाज ऐकून जिलबी चारही पायांवर नाचत बाहेर आली. मोजा वाटेतच गळून पडला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला लाज वाटली आणि रडूही यायला लागलं.

"राहू द्या हो तिला," मी म्हणाले. "पाठराखीण लवकर परत गेली की कसं होतं, मला ठाऊक आहे."

रुचिता उठली. मला वाटलं, जिलबीला जवळ घेईल. तिनं मला मिठी मारली.