मूळ प्रत कपाटात

आमच्या ह्यांनी तेहेतीस वर्षं नक्कल विभागात काढली. मूळ कागद बघायचा, शेजारी नक्कल ठेवायची, ओळ न् ओळ ताडायची आणि खाली शिक्का मारायचा, ‘मूळ प्रतीबरहुकूम’. मग सही, मग तारीख. कचेरीत सगळे त्यांना बरहुकूमराव म्हणायचे आणि ह्यांना ते पदवीसारखं वाटायचं. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी जुना, रद्द झालेला शिक्का आठवण म्हणून दिला. तो आमच्याकडे किराणाच्या यादीवरही उमटतो.

माझी ताई परदेशात राहते. तिला पाहून अठरा वर्षं झाली. गेल्या वर्षी तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून एवढा लांबचा प्रवास तिला जमत नाही. म्हणजे जायचं तर मीच. दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी ह्यांना एखादा कागद कमी पडायचा. शेवटी ताई फोनवर म्हणाली, “फोटो पुरे झाले गं तुझे. आता खरी ये. मी काही अजून अठरा वर्षं थांबणार नाहीये.” असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही. फोन ठेवून मी पोटभर रडले आणि ह्यांना बजावलं, या वेळी कागद कमी पडला तर मी एकटी जाईन.

ह्यांनी मनावर घेतलं, हे मान्य करायला हवं. दोन्ही कान दिसणारे फोटो काढून घेतले, फॉर्म तीनदा भरले आणि आम्ही व्हिसाच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी प्रत्येक दाखला मूळ प्रतीशी ताडून पाहिला, मूळ प्रत परत दिली आणि नक्कल ठेवून घेतली. हे खुर्चीच्या टोकावर बसून ते बघत होते. डोळ्यांत अशी चमक, जणू माहेरचं माणूस भेटलंय. तिथेच काहीतरी शिजायला लागलं होतं, पण माझ्या लक्षात आलं नाही. पंधरा दिवसांनी व्हिसा चिकटवलेले पासपोर्ट घरी आले आणि मी पेढे वाटले.

विमानाला दोन दिवस होते. दुपारी कपाट उघडल्याचा आवाज आला म्हणून आत गेले, तर हे दोघांचे पासपोर्ट खाकी पाकिटात घालून कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवत होते.

“अहो, परवा निघायचंय!”

“म्हणूनच आत ठेवतोय. व्हिसा लागलेली मूळ प्रत कुणी रस्त्यावरून मिरवत नेतं का? हरवली म्हणजे?”

“मग तिथे काय दाखवायचं?”

ह्यांनी चार रंगीत प्रती पुढे केल्या. प्रत्येकीवर शिक्का, सही, तारीख. “तू पाहिलंस ना त्या कचेरीत? मूळ प्रत परत दिली, नक्कल ठेवून घेतली. म्हणजे महत्त्वाची कोणती? जी ठेवून घेतात ती!”

शेंबडं पोरही सांगेल ते मी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. “कागदपत्रांतलं मला शिकवू नकोस,” म्हणाले आणि पाकिटाच्या तोंडावर डिंक लावून, वरून आडवी सही ठोकून मोकळे झाले. सहीला धक्का लागल्याशिवाय पाकीट उघडणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

पण तेहेतीस वर्षांत ह्यांनी पाकिटाची खालची बाजू काही पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी हे अंघोळीला गेल्यावर मी त्यांच्या उशीखालची कपाटाची किल्ली घेतली, पाकीट खालून अलगद उकललं, पासपोर्ट माझ्या पर्सच्या तळाशी घातले आणि त्यांच्या जागी तेवढ्याच जाडीच्या दोन पुस्तिका सरकवून पुन्हा चिकटवून टाकलं. निघायच्या दिवशी ह्यांनी पाकीट चाचपलं, सही न्याहाळली आणि समाधानाने कपाट बंद केलं. मी देवासारखा चेहरा करून उभी होते.

तेव्हाच सांगता आलं असतं. पण मला एक वाक्य ऐकायचं होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून ‘चुकलं माझं’ हे दोन शब्द मी ऐकलेले नाहीत. ते विमानतळावर, चार माणसांत ऐकायचे, असं मी ठरवलं होतं.

विमानतळाच्या दारात तिकीट आणि ओळखपत्रावर भागलं. आत काउंटरवरच्या मुलीपुढे ह्यांनी प्लास्टिकमध्ये घातलेली प्रत ठेवली.

“काका, ही झेरॉक्स आहे. पासपोर्ट द्या.”

“झेरॉक्स नव्हे. साक्षांकित प्रत आहे. शिक्का बघा.”

“साक्षांकित कुणी केलीय?”

“मीच.”

“स्वतःच्या पासपोर्टची? स्वतःच?”

“मग माझ्या सहीची खात्री माझ्याइतकी दुसऱ्या कुणाला असणार?”

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मुलीने शांतपणे विचारलं, “मूळ पासपोर्ट कुठे आहे?”

“अगदी सुरक्षित आहे,” हे छाती काढून म्हणाले. “घरी. कपाटात.”

“मग तुम्हाला जाता येणार नाही, काका. चाळीस मिनिटांत काउंटर बंद होईल.”

घर दोन तासांवर. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आता ऐकते ते दोन शब्द, असं मनाशी म्हणत मी पर्स उघडली आणि फक्त माझा पासपोर्ट काढून काउंटरवर ठेवला. हे त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आता विचारतील, माझा कुठाय? मी उत्तर घोळवून ठेवलं होतं.

ह्यांनी ते विचारलंच नाही. गळ्यातला मफलर काढून माझ्या गळ्यात घातला.

“बरं केलंस, तुझा घेतलास ते. तू जा. तिथे थंडी असेल.” मग औषधांची पिशवी माझ्या हातात देत हळूच म्हणाले, “ताईंना मूळ प्रत हवीय. माझी काय, नक्कल फोनवर दिसेल त्यांना. अठरा वर्षं मीच लांबवलं गं. चुकलं माझं.”

एवढी वर्षं ज्या शब्दांसाठी जीव टाकला, ते ऐकून मला काडीचाही आनंद झाला नाही. उलट स्वतःचीच लाज वाटली. डोळे भरून आले आणि पर्समधलं काही दिसेना. शेवटी एकदाचा हात तळाशी गेला आणि ह्यांचा पासपोर्ट मी माझ्या पासपोर्टावर ठेवला.

मुलगी हसली. ह्यांनी मात्र पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. मग कपाळावर आठ्या घालून म्हणाले, “मग त्या पाकिटात काय आहे?”

“कुकरच्या गॅरंटीची पुस्तिका. आणि मिक्सरची.”

“मूळ?”

“मूळ.”

ह्यांनी मफलर माझ्या गळ्यातून परत घेतला. “आणि त्यांच्या नकला काढून ठेवल्यास का?”