अस्तरामागचा कागद

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. जुनी म्हणजे किती, तर मला बनवणारा कारागीर गेला, मला विकणारे दुकान गेले, आणि मी मात्र होते तशीच आहे. लोक याला नशीब म्हणतात. तुम्ही आधी सगळे ऐका आणि मग ठरवा.

माझे चामडे म्हशीचे, जाड आणि राठ. मेण लावलेल्या दोऱ्याची दुहेरी शिवण, पितळी बक्कल, तळाशी कडक पुठ्ठा. बाहेरून कारागिराने काही कमी ठेवले नाही. अस्तराला मात्र त्याने पातळ सुती कापड लावले. आतले कोण बघतो, असे त्याला वाटले असणार. "रोज प्रवास करणाऱ्या माणसासाठीच आहे ही. माणूस थकेल, ही थकायची नाही," असे दुकानदार माझ्या मालकांना म्हणाला. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढले, म्हणजे चामड्याच्या अंगावर चढेल तेवढे.

माझे मालक बॉयलर तपासनीस होते. ते निरनिराळ्या कारखान्यांत जायचे, थंड करून ठेवलेल्या बॉयलरच्या पोटात शिरायचे आणि छोट्या हातोडीने पत्र्यावर ठोकत आवाज ऐकायचे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, झिजलेला बद्द वाजतो. मी बाहेर विटांच्या ढिगावर बसून ऐकायचे. दहा-बारा वर्षांत मलाही फरक कळू लागला. महिन्यातले वीस दिवस आम्ही बाहेरच. बसच्या टपावर, गाडीच्या बाकाखाली, विश्रामगृहाच्या ओलसर खोल्यांत मी राहिले. मालकांनी मला कितीदा उशाला घेतले आणि कितीदा माझीच खुर्ची केली, याची गणती नाही.

घरी पोचलो की त्यांची बायको दारातच म्हणायची, "या पाहुणे. किती दिवसांचा मुक्काम?"

"ते बॅगेला विचार," मालक म्हणायचे.

मुलगी धावत येऊन मला उचलायला बघायची आणि जड लागले की तिथेच टाकून द्यायची. तो काळ फार सुखाचा होता. तेव्हा मला ते कळले नाही, एवढेच.

मग एकदा कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात मालक बॉयलरमधून बाहेर आले, ते चेहरा उतरलेलाच घेऊन. खालच्या जोडाजवळ पत्रा झिजून पार पापुद्रा झाला होता.

"हा आजपासून बंद," ते व्यवस्थापकाला म्हणाले. "पत्रा बदलल्याशिवाय पेटवायचा नाही."

"साहेब, माल अडलाय. आठ दिवस तरी द्या."

"आठ मिनिटं पण नाही. लेखी देतो, सही करा."

खाली कार्बन घालून त्यांनी नोटीस लिहिली. वरची प्रत व्यवस्थापकाला दिली, खालच्या प्रतीवर त्याची सही घेतली आणि गाडी चुकेल म्हणून घाईघाईने ती माझ्या मागच्या कप्प्यात सारली. हातोडीच्या टोकाने तिथले अस्तर केव्हाच उसवले होते. कागद फटीतून आत गेला आणि घसरत घसरत तळाच्या पुठ्ठ्याखाली जाऊन बसला. मला ते कळले होते, पण बॅगेला तोंड असले तरी वाचा नसते.

पुढच्या तीन दिवसांत आणखी तीन कारखाने झाले. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही घरी आलो. मालक जेवून आडवे झाले. बायकोने मला रिकामे केले, तेव्हा तिला उसवलेले अस्तर दिसले. "सांगायला काय होतं या माणसाला," असे पुटपुटत तिने सुई काढली, दोरा दुहेरी घेतला आणि बारीक टाके घालून फट बंद करून टाकली. टाके इतके सुबक की फट कुठे होती हे शोधूनही सापडू नये.

संध्याकाळी ऑफिसातून निरोप आला. तो बॉयलर त्याच दिवशी सकाळी पेटवला होता आणि फुटला होता. त्याची आग सांभाळणारा कामगार जागीच गेला.

चौकशीत व्यवस्थापकाने कानांवर हात ठेवले. "आम्हाला कोणी काही सांगितलंच नाही," तो म्हणाला. मालकांनी मला उलटे केले, झटकले, प्रत्येक कप्प्यात हात घातला. बायकोने सारे घर पालथे घातले. "सापडेल हो, कुठे जातंय?" असे ती म्हणत राहिली. तिचा हात तिच्याच टाक्यांवरून चार वेळा फिरला. पण अस्तराला टाके घालणे ही काही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट तिला कधी वाटलीच नव्हती. आणि माझे चामडे इतके जाड की आतला कागद साधा कुरकुरलाही नाही.

एक दिवस त्या कामगाराची बायको घरी आली. तिने आरडाओरडा केला नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "मला एवढंच सांगा. तुम्ही बंद ठेवायला सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं. लेखी दिलं होतं."

"मग तो कागद दाखवा. शिव्या कुणाला द्यायच्या ते तरी मला कळू दे."

मालकांनी मला तिच्यासमोर पुन्हा एकदा उलटे करून झटकले. ती निघून गेली.

मालकांची नोकरी गेली. पण खरे वाईट पुढेच झाले. पहिली काही वर्षे ते "मी नोटीस दिली होती" असे ठणकावून सांगायचे. पुढे "दिली होती असं वाटतं" असे म्हणू लागले. आणि एका दुपारी मुलीला म्हणाले, "नसेलच दिली मी. लिहायचं मनात असेल, आणि गाडीची वेळ झाली असेल."

"जाऊ द्या बाबा," मुलगी म्हणाली. "चूक माणसाकडूनच होते."

तिने त्यांना माफ केले. बायकोने तर केव्हाच केले होते. जी चूक त्यांनी केलीच नव्हती, तिची माफी त्यांनी मुकाट्याने घेतली. त्या दिवशी मी आपोआप फाटले असते, तर जन्माचे सार्थक झाले असते. पण माझी शिवण फार चांगली आहे.

आता बायको नाही. मालक पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळले आहेत. आता फार दिवस नाहीत, असे डॉक्टर सांगून गेले. मी कपाटावर असते. मुलगी दर महिन्याला मला खाली काढते, मऊ फडक्याने पुसते, तेल लावते, बक्कल घासते. परवा शेजारीण तिला म्हणाली, "अगं, कशाला ठेवलंयस हे धूड?"

"बाबांची आठवण आहे," ती म्हणाली. "मी आहे तोवर हिला साधा ओरखडा येऊ देणार नाही."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. नीट वापरा, जपा, अडगळीत टाकू नका, असे सांगतात. मला तसे सांगवत नाही. उसवलेले काही शिवायला घ्याल, तेव्हा आधी आत हात घालून बघा, एवढेच सांगते. आणि तुमच्यापैकी कुणी कधी या घरात आलात, तर सुरी घ्या आणि माझा तळ फाडा. कागद अजून चांगला आहे. निळी अक्षरे वाचता येतात, खाली सही आहे. तो पलीकडच्या खोलीत न्या आणि मोठ्याने वाचा, त्यांना हल्ली कमी ऐकू येते.

पण तुम्ही कशाला याल? आणि आलात, तरी मुलगी तुम्हाला मला हात लावू देणार नाही. ती मला फार जपते.