लोखंडाचं हाड

सभागृहाच्या दाराशी काठ्यांचा ढीग पडला होता. लाकडी, ॲल्युमिनियमच्या, चार पायांच्या, आणि एक तर चक्क छत्री. माणूस लंगडत आत जायचा आणि बाहेर येताना काठी तिथेच टाकून द्यायचा. सांधेबाबा म्हणे ऑपरेशनने बसवलेल्या गुडघ्यातल्या लोखंडाचं पुन्हा हाड करतात. ताईने माझा दंड धरला होता. "बघ धाकट्या, आज माझीपण काठी इथेच राहणार."

राहिली.

ताई माझी थोरली बहीण. तीस वर्षं लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून गुडघा झिजला, म्हणून अकरा वर्षांपूर्वी कृत्रिम सांधा बसवला. दहा वर्षं तो इमानाने चालला. मग खुर्चीतून उठलं की पहिली पावलं दुखायला लागली. डॉक्टरांनी दर वर्षी गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढून घ्यायला सांगितलं होतं. दुखत नव्हतं तोवर आम्ही गेलो नाही, आणि दुखायला लागल्यावर शेजारणीने बाबांचं नाव सुचवलं.

बाबांची रीत ठरलेली. सगळ्यांना बिनपाठीच्या बाकांवर बसवायचं आणि तासभर बोलायचं. तेवढ्या वेळात पाय हलवायचा नाही, हलवला तर कृपा सांडते. कृपा म्हणजे जणू काठोकाठ भरलेली दुधाची कपबशी. लोखंड हा पायातला पाहुणा, त्याला माया लावली की तो घरचा होतो, असं ते गहिवरून सांगत. मधूनमधून गात. गळा गोड होता आणि माझं घोडं तिथेच पेंड खात होतं. गाऊन सांगितलेल्या देवाच्या गोष्टी ऐकत मी जन्मभर डोळे पुसत आलोय. सूर लागला की माझी अक्कल चपला काढून बाहेर बसते.

तास संपला की हुकूम सुटायचा, "उठा." सबंध सभागृह एकदम कण्हायचं. मग बाकांभोवती सात फेऱ्या. पहिल्या फेरीत तोंडं वाकडी, तिसरीत जरा सैल, सातवीत हसू. कमी झालं का, असं बाबा विचारत, आणि सगळे एका सुरात हो म्हणत.

"हाड झालं. आता फोटो काढू नका. किरण लागले की हाडाचं परत लोखंड होतं."

खरंखोटं पाहायची एकच खिडकी होती, ती बाबांनी अशी लावून घेतली. ताईने घरी येऊन डॉक्टरांची चिठ्ठी फाडली. मी बघत राहिलो, आणि पुढे सहा महिने दर आठवड्याला तिला हाताला धरून नेत राहिलो.

वास्तविक मी कारखान्यातला फिटर. आयुष्य बेअरिंग बदलण्यात गेलं. ढिलं बेअरिंग यंत्र सुरू करताना खडखडतं आणि जरा फिरलं की गप्प होतं. नवा कामगार म्हणायचा, झालं ठीक. आम्ही त्याला झापायचो, की गप्प झालं म्हणजे बरं झालं नव्हे. हे मला पाठ होतं. पण ताईचा गुडघाही शेवटी बेअरिंगच, हे काही सुचलं नाही.

एका दुपारी ताई खिडकीशी बसून तासभर सदऱ्यांना बटणं लावत होती. उठली आणि भिंतीला टेकली. मग दोनचार वेळा स्वयंपाकघरात जाऊन आली नि म्हणाली, आता बरं वाटतंय. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी तिला म्हटलं, उद्या एकदाच तसंच बस, पाय न हलवता. मग आपल्या जेवणाच्या टेबलाभोवती सात फेऱ्या घाल. बाबा नाही, गाणं नाही.

दुसऱ्या दिवशी फेऱ्या तिनेच मोजल्या. पहिलीला डोळ्यांत पाणी. तिसरीला खांदे सैल झाले. सातवीला ती टेबल धरून थांबली.

"तेवढंच कमी झालं की रे. मग त्यांनी सहा महिने केलं काय?"

"बसवून ठेवलं, ताई."

तिने टेबल सोडून खुर्ची ओढली. मग म्हणाली, "आणि तू?"

"मी शेजारी बसलो होतो."

दवाखान्यात काढलेल्या फोटोत धातूभोवती काळी रेघ दिसत होती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. सांध्यातल्या धातूच्या दोन भागांमध्ये प्लॅस्टिकची चकती असते. वर्षानुवर्षं ती झिजते, तिचा बारीक भुगा पडतो, आणि त्या भुग्याशी झगडता झगडता शरीर आजूबाजूचं हाडच खातं. मग धातू ढिला होतो. उठताना तो हाडात हलतो म्हणून दुखतं, चार पावलांत दबून बसतो म्हणून थांबतं. हाड झिजणं मात्र थांबत नाही. सांधा पुन्हा बसवता येईल, पण धरायला हाड फार थोडं उरलंय, असं त्या म्हणाल्या.

"काठी सुटेल का?" ताईने विचारलं.

"प्रयत्न करू. सहा महिने आधी आला असता तर..." त्यांनी फोटो पाकिटात घातला.

मी सभागृहाच्या दारात जाऊन उभा राहिलो. येईल त्याला ताईच्या गुडघ्याचं सांगू लागलो. एक गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून समजुतीने म्हणाले, तुमच्या ताईंची श्रद्धा कमी पडली असेल. तेवढ्यात आत गाणं सुरू झालं आणि सगळे मला वळसा घालून आत गेले. सूर अजूनही गोडच होता.

देवाचं नाव घेतल्याशिवाय मी घास घेत नाही, पुढेही घेणार नाही. पण जी कृपा एका फोटोला घाबरते, ती देवाची कशी असेल? घरात कुणाचा बसवलेला गुडघा असेल, तर दुखो न दुखो, डॉक्टर सांगतील तेव्हा त्याचा फोटो काढून घ्या. उठताना दुखून मग आपोआप थांबत असेल, तर हात जोडून बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ताईची काठी त्या ढिगात मी शोधली. सापडली नाही. नवी आणली, चार पायांची.